धूर मागू नका, वही मागा

(इंदूरच्या सराफ्यात, सीमाभागातून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीहून एवढ्या लांब आलात आणि मला बोलायला विषय दिलात 'बृहन्महाराष्ट्रातला मराठी माणूस'. त्यावर मी तासभर बोलू शकतो, होळकरांपासून सुरू करून. पण काल जेवताना तुमच्यातला एक जण म्हणाला, "काका, आमच्याकडे डेंग्यूची साथ आली की मराठी गल्ल्यांत धूर मारायला येतच नाहीत. मुद्दाम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी ठरवलं, आज डासांवरच बोलायचं. हसू नका. ज्या चळवळीला पाटीवरची भाषा कळते तिला डासाचं राजकारणही कळायला हवं.

आधी त्या धुराबद्दल. आम्ही इंदूरवाले त्याला धुआं मशीन म्हणतो, तुम्ही फॉगिंग म्हणता. गाडी येते, फटफट आवाज होतो, डिझेलचा वास सुटतो, पोरं मागे धावतात, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढतं. वॉर्डाच्या ग्रुपवर तो फोटो फिरतो आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं. आता बघा काय झालं ते. त्या धुरात औषधाचे बारीक थेंब असतात. थेंब ज्या उडत्या डासाच्या अंगाला लागला तो मरतो. बस्स. धूर विरला की औषध संपलं. पिंपातली अळी तशीच वळवळत राहते, भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात. आणि डेंग्यूचा डास, एडिस, हा गटारावर घोंघावणारा डास नव्हे. तो घरात राहतो. पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीला टांगलेल्या कपड्यांत. धुराची गाडी आली की आपण पहिल्यांदा काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो. म्हणजे ज्याला मारायला गाडी आली त्याला आपणच आत सुरक्षित बसवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही धूरफवारणी ही साथ भडकल्यावरची तातडीची गोष्ट आहे, नेहमीचा उपाय म्हणून ती नाही. खरं काम पाण्यात आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आणि पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसात पाणी चढलं की फुटतात.

आता आपण जिथे बसलोय ती जागा घ्या. सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडलं की त्याच दुकानांच्या ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, कचोरी, जलेबी, थंडीत गराडू, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. मला सांगा, इथे धूर कधी मारायचा? हा डास चावतो दिवसा, त्यातही सकाळी ऊन चढायच्या सुमाराला आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी जास्त. सकाळी दुकानं बंद, चाव्या मालकाच्या घरी. संध्याकाळी दुकानं गिऱ्हाइकांनी भरलेली, सराफ म्हणतो तिजोरी उघडी असताना धुरात मला काय दिसणार? रात्री मारा म्हणावं तर उघड्यावर तळण चाललंय, डिझेलचा धूर कीसावर बसायचा. म्हणजे उरतो तो मधला अर्धा-पाऊण तास, दुकान बंद होऊन ठेला लागेपर्यंतचा. त्या वेळेत मारला तर निदान गल्लीतले उडते डास मरतील. पण हे भोपाळच्या आदेशात लिहिलेलं नसतं. हे गल्लीतल्या माणसालाच माहीत असतं.

आणि सराफ्यातली अळी असते कुठे? रस्त्यावर नाहीच. ती असते वरच्या मजल्यावर. पेढीच्या माळ्यावर, बंद खोलीतल्या कूलरमध्ये, गच्चीवरच्या झाकण तुटलेल्या टाकीत, ठेलेवाल्याने पहाटे झाकून ठेवलेल्या ड्रममध्ये. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून चढवून आणतात आणि पुष्कळ भागांत ते दिवसाआड येतं. दिवसाआड पाणी म्हटलं की साठवण आली. तुमच्या बेळगावातही जिथे चोवीस तास पाणी नाही तिथे घरोघरी पिंपं आहेतच. ज्या घरी नळ रोज वाहतो त्या घरी डास कमी आणि ज्या घरी पिंपं भरून ठेवावी लागतात त्या घरी जास्त, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं. आम्हाला त्याचा अभिमान आहे, का नसावा? पण डेंग्यू काही इंदूर सोडून गेला नाही. कारण या डासाला घाण नको असते, त्याला स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी हवं असतं. कचरा उचलणारी गाडी जितक्या वेळेवर येते तितक्या वेळेवर कूलर बघणारा माणूस येतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि बक्षिसात तो मोजला जात नाही.

मी एकदा अशा तपासणीवाल्यांबरोबर दोन गल्ल्या फिरलो. हातात टॉर्च, खांद्याला झोळी, एक वही. कूलरमध्ये टॉर्च मारायची, अळी दिसली तर पाणी ओतायचं, ओतता येत नसेल तर औषधाचे थेंब टाकायचे, आणि वहीत लिहायचं: घर नंबर, भांडी किती, अळी किती भांड्यांत. शंभर घरं बघितली आणि दहांत अळी सापडली तर घरांचा आकडा दहा. शंभर घरांमागे अळीची भांडी किती, तो दुसरा आकडा. फवारणी कुठे करायची हे त्या वहीवरून ठरायला हवं. रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांत आतून फवारायचं, बाहेर धूर मारायचा तो त्याच पट्ट्यात. कारण हा डास फार लांब उडत नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आत त्याचं आयुष्य संपतं. सगळ्या वॉर्डभर गाडी फिरवणं म्हणजे लग्नाची वरात.

वहीच्या आधी आणखी एक टप्पा आहे आणि तुमचं सीमाभागाचं दुखणं नेमकं तिथे आहे. रुग्ण सापडला हे सरकारला कळतं कसं? खाजगी दवाखान्यात कार्डावर झटपट तपासणी होते, डॉक्टर म्हणतो डेंग्यू, औषध सुरू होतं. पण राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मोजणीत खात्रीचा रुग्ण धरायला एलायझा तपासणी लागते, ती ठरलेल्या प्रयोगशाळांत होते. कार्डावरचा रुग्ण त्या यादीत येईलच असं नाही. आणि यादीत नाही तर गल्लीत कोणी येत नाही. आता निपाणीचं पोर घ्या. ताप उतरेना म्हणून आईबाप चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूरला नेतात. चिकोडी-अथणीकडचे मिरजेला नेतात. तिथे भाषा कळते, ओळखीचा डॉक्टर असतो, मामाचं घर असतं. फॉर्मवर पत्ता कोणाचा लिहितात? पुष्कळदा मामाचा. मग नोंद झाली कोल्हापुरात, अळी राहिली निपाणीत. मामाच्या गल्लीत फवारणी झाली आणि पोराच्या गल्लीत दुसरं पोर तापलं. यात कोणाचा डाव नाही. डाव नसतानाही माणूस मरतो, हे जास्त वाईट आहे.

२००६ चा चिकनगुनिया तुमच्या आईवडिलांना विचारा. सांधे धरून बसलेली गावंच्या गावं. त्या वर्षी देशात संशयित रुग्ण तेरा-चौदा लाखांच्या घरात मोजले गेले. त्यात कर्नाटकात साडेसात लाख, महाराष्ट्रात अडीच लाखांवर. दोन राज्यांचे दोन तक्ते. डासाने तक्ते वाचले नाहीत.

म्हणून मघाच्या त्या तक्रारीकडे येतो: "मराठी गल्ल्यांत मुद्दाम येत नाहीत." खरं असेल. खोटं आहे असं मी म्हणत नाही, मी तिथे राहत नाही. पण मला सांगा, पुरावा काय आहे? कोणत्या वॉर्डात किती घरं तपासली, किती रुग्ण नोंदले, रुग्ण नोंदल्यावर किती दिवसांनी फवारणी झाली, हे तुमच्यापैकी कोणाकडे आहे? माहितीच्या अधिकारात मागितलंय कोणी? नाही ना. मग आपल्याकडे आहे तो फक्त राग. राग आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ पासून भरपूर आहे, त्याची टंचाई कधी पडली नाही. दोन वॉर्डांची वही शेजारी-शेजारी ठेवा. एकीत तीन दिवसांनी माणूस गेला, दुसरीत तीन आठवड्यांनी, आणि दुसरा वॉर्ड मराठी, असं दिसलं तर तो भेदभाव. मग तो कोर्टात सांगता येतो, विधानसभेत मांडता येतो, कन्नड शेजाऱ्यालाही पटवता येतो. आणि दिसलं नाही, दोन्हीकडे तीनच आठवडे लागले, तर मग लढाई त्या कन्नड शेजाऱ्याला बरोबर घेऊन करायची आहे. तेही कळणं गरजेचं आहे. एखाद्याला हे बोलणं बोचेल. बोचू दे.

आता भाषेवर येतो, कारण भाषा यात खरोखरच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं आणि साथरोग कायद्याखालचे नियम बदलले. घराच्या आवारात डासांची पैदास सापडली तर दंड: शहरात घराला ४०० रुपये, खेड्यात २००. दुकानं, हॉटेलं वगैरेंना शहरात १,०००, खेड्यात ५००. बांधकामाच्या जागेला २,००० आणि १,०००. नियम मला चुकीचा वाटत नाही. बांधकामाच्या खड्ड्यात पाणी साचवून गल्ली आजारी पाडणाऱ्याला दंड व्हायलाच हवा. पण दंडाचा कागद जी भाषा बोलतो ती खानापूरच्या आजीला वाचता येते का? पाणी झाका, पिंप घासा, गुरुवारी घर उघडं ठेवा आम्ही तपासायला येतोय, हे तिला कोणत्या भाषेत सांगितलं? सूचना कळली नाही आणि दंड मात्र कळला, असं झालं तर ती आजी पुढच्या वेळी दार उघडणार नाही. आणि दार उघडलं नाही की वहीतला तो रकाना रिकामा.

तुमच्यातल्या जाणत्यांना माहीत आहे, १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या निवेदनात म्हटलंय की जिल्हा, नगरपालिका, तालुका अशा भागात १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. त्यातला शब्द सक्तीचा नाही, हे विसरू नका. भाषणात आपण तो कायदाच असल्यासारखं ठोकून देतो. पण राज्यघटनेच्या ३५० ख कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे, त्याच्याकडे लिहिता येतं. मी म्हणेन, पाट्यांच्या अर्जासोबत एक अर्ज साथीच्या सूचनांचाही द्या. पाटी कन्नडमध्ये असली तर अपमान होतो. तापाच्या सूचनेत 'ॲस्पिरिन घेऊ नका' हे कळलं नाही तर रक्तस्राव वाढू शकतो.

जबरदस्तीने केलेल्या आरोग्यकामाचं काय होतं हे मराठी माणसाला शिकवायला नको. १८९७ चा पुण्यातला प्लेग. रँडचे गोरे सोजीर घरात घुसले, सामान रस्त्यावर आलं, देवघरं बाटली, बायकांची तपासणी उघड्यावर झाली. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळी झाडली. आपण ती गोष्ट शौर्याची म्हणून सांगतो. तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे: रोग खरा होता, घरं तपासायची गरजही खरी होती, पण ठरवणाऱ्याने घरातल्या माणसाला कशात धरलंच नाही. मग लोकांनी रुग्ण लपवले. लपवलेल्या रुग्णाने प्लेग वाढवला.

त्यानंतर वीस वर्षांनी इथे, या सराफ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या राजवाड्याच्या शहरात, उलटा प्रयोग झाला. १९१७ मध्ये होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला नगररचनेसाठी बोलावलं. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो याच गेडिसांच्या हाताखाली. इंदुरात प्लेग होता, मलेरिया होता. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरायचे आणि लोक त्यांना बघून दचकायचे. चौकशी केली तर कळलं, लोक म्हणतायत हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब. गोरा माणूस घराकडे निरखून बघतोय म्हणजे उद्या घर पाडणार, हा लोकांचा अनुभव होता.

गेडिसांनी दरबाराकडे मागणी केली की एक दिवस मला शहराचा राजा करा. दिवाळीची मिरवणूक निघायची. तिचा मार्ग कोणता, यावर नेहमीचे मानपान होते. गेडिसांनी जाहीर करवलं की या वेळी मिरवणूक जुन्या मार्गाने जाणार नाही, ज्या गल्ल्या सर्वांत जास्त साफसूफ होतील त्या गल्ल्यांतून जाईल. झालं! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. घरं झाडली, रंगवली, उकिरडे उपसले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, मलेरियाचे डास होते, आणि त्यांच्यामागून स्वच्छ कपड्यांत, गळ्यात माळा घालून शहराचे सफाई कामगार. लोकांनी त्यांचा जयजयकार केला. शेवटी ते राक्षस जाळले.

गेडिस काही संत नव्हते आणि संस्थानात लोकशाही नव्हती, राजा म्हणाला म्हणून झालं. पण मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. मार्ग दरबाराने ठरवला नाही, गल्लीने ठरवला. गेडिसांच्या अहवालांतही हेच दिसतं: मोठाल्या खर्चाच्या योजनांआधी आहे ते नीट करा, तळी बुजवण्यापेक्षा त्यांत मासे-बदकं सोडा म्हणजे अळ्या खाल्ल्या जातील. आज आपण गप्पी मासे सोडतो ते त्याच वाटेवरचं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय शहराच्या संस्थांकडे सोपवण्याच्या यादीत आहेत, मोठ्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. खेड्यात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, आशाताई तिच्यात असतात, आणि तिला वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी धरलेला आहे. दहा हजारांत धुराची मशीन येत नाही. पण टॉर्च, वह्या, टाक्यांच्या तोंडाला बांधायची जाळी आणि मराठीत छापलेली पत्रकं येतात. समितीची बैठक शेवटची कधी झाली, विचारा. ठराव कोणी लिहिला, विचारा.

महाराष्ट्र सरकारने ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, चांगलंच झालं. पण ती योजना पेशंट दवाखान्यात गेल्यावरची. त्याच्या आधीचा डास बेळगाव जिल्ह्याच्या पालिकेच्या आणि पंचायतीच्या ताब्यात आहे. मुंबईहून त्याच्यावर फवारणी होत नाही, खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो थांबतही नाही. म्हणजे ज्या कार्यालयाशी आपलं भांडण आहे त्याच कार्यालयाच्या दारात तुम्हाला दर आठवड्याला जावं लागेल. तिथल्या आरोग्य निरीक्षकाशी बोला. कन्नड येत असेल त्याने कन्नडमध्ये बोला, त्याने आपली मागणी लहान होत नाही.

आणि नगरसेवकाला फोन करून "आमच्या गल्लीत फॉगिंग पाठवा" म्हणू नका. तो लगेच पाठवेल, त्याला तेच सोपं आहे. फोन करून विचारा, आमच्या गल्लीत किती घरं तपासली? अळी किती घरांत होती? वही दाखवा. मराठीत दाखवा.

तुमच्यातल्या दहा जणांनी पावसाळ्याआधी आपापल्या गल्लीची पन्नास-पन्नास घरं तपासायची ठरवली तर रकाने कसे आखायचे ते मी आत्ता या फळ्यावर काढून दाखवतो. घर, भांडं, पाणी किती दिवसांचं, अळी आहे-नाही, ताप कोणाला, तपासणी कुठल्या गावात, पत्ता कोणाचा दिला. तो शेवटचा रकाना सोडू नका.